तिसरा शिक्का आणि निळी गाठ

गालिच्यांसाठी नावाजलेल्या कैरुआनच्या युवाघरात कम्प्युटर एकच होता, पण त्याला तोंडं चार होती. पेटी एक, पेटीच्या पोटात भलंथोरलं ग्राफिक्स कार्ड एक, आणि त्या एकट्या कार्डाच्या जिवावर चालणारे स्क्रीन चार. पहिला स्क्रीन फाटकाजवळच्या खोलीत, म्हणजे युवाघराचे प्रमुख सी हसूना यांच्यापुढे; सी म्हणजे श्रीयुत. त्यावर मासे पोहायचे. दुसरा शिंपीण लल्ला वसीलाचा; लल्ला म्हणजे बाई. ती नवऱ्यामुलींना आधी स्क्रीनवर पोशाख घालून दाखवायची आणि मगच कात्री हातात घ्यायची. तिसऱ्यावर नजीब बसायचा. गावच्या फुटबॉल सामन्यांची चित्रं पुढेमागे सरकवत रेघा मारायच्या आणि कोण ऑफसाइड होता ते सांगायचं, असं त्याचं काम. ते त्याला कुणी दिलं नव्हतं. आणि चौथा, खिडकीजवळचा, सगळ्यांत चांगला स्क्रीन दोर्साफचा.

दोर्साफ सोळा वर्षांची होती आणि ह्या हिवाळ्यापासून तिला सगळं येत होतं. त्याआधी येत नव्हतं असं नाही, पण येतं हे माहीत नव्हतं. एकदा माहीत झाल्यावर मग काय, गणिताच्या सरांना फळ्यावरची चूक दाखवून झाली, बसवाल्याला रस्ता सांगून झाला, आणि युवाघरातल्या कम्प्युटरवर तिनं स्वतःच्या हातानं एक अख्खा माग उभा केला. खरा नाही, चित्रातला. पण त्यावर गालिचा गाठीगाठीनं विणला जायचा, लोकर केसाळ दिसायची, आणि फणी ठोकल्याचा आवाजही यायचा.

ह्या मागावर आता दोन लाल शिक्के बसले होते. तिसरा बसला की माग युवाघरातून कायमचा बाहेर.

शिक्क्यांचं प्रकरण असं. चित्रं काढणं हे कार्डाचं काम. चौघांची चित्रं ते आळीपाळीनं काढतं, आणि इतक्या भराभरा काढतं की प्रत्येकाला वाटावं कार्ड आपल्या एकट्याचंच आहे. पण एखाद्यानं त्याला न संपणारं काम दिलं, की ते त्यातच गुंतून पडतं आणि बाकीचे तिघे ताटकळतात. कार्डावर एक मुकादम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मुकादम दहा सेकंद वाट बघतो आणि मग कार्डाला गदागदा हलवून उठवतो. हाच तो रिसेट. कार्ड उठतं खरं, पण उठतं ते कोरं करकरीत. मासे कुठे होते, नवरीची बाही कुठे होती, काही म्हणजे काही त्याला आठवत नाही.

मग पुढे काय करायचं ह्याचे नियम एका पुस्तिकेत होते. पेटीबरोबर आलेली ती पुस्तिका गावात एकाच माणसानं वाचली, आणि नेमकी त्यानंच वाचायला नको होती. सी हसूनांनी ती तीन दिवसांत, भिंग लावून, मागच्या पानावरच्या पत्त्यासकट वाचून काढली.

सी हसूना निवृत्त होण्याआधी बत्तीस वर्षं सरकारी शिक्का-कचेरीत गालिचे तपासायचे. बायका खांद्यावरून गालिचा आणायच्या, सी हसूना तो उलटा अंथरायचे, भिंगानं गाठी मोजायचे, आणि पहिली प्रत, दुसरी प्रत असं ठरवून शिक्का मारायचे. निवृत्तीनंतर त्यांना कशातच राम वाटेना. आणि आता हे पुस्तक! रिसेटआधीचं काहीही ग्राह्य धरू नये. प्रत्येक प्रोग्रामनं नव्यानं चौकशी करावी. ज्याच्यामुळे कार्ड अडकलं त्याला ‘दोषी’ सांगावं, बाकीच्यांना ‘निर्दोष’. आणि जो चौकशीच करत नाही, झालं गेलं कळत नसल्यासारखा रेघोट्या मारत बसतो, त्याला थांबवावं. वाचता वाचता सी हसूनांचे डोळे पाणावले. हे लिहिणारा शिक्का-कचेरीतलाच असणार, असं ते लल्ला वसीलाला म्हणाले.

नियम प्रोग्रामांसाठी होते, हे पुस्तिकेत कुठे ठळक लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून रिसेट झाला की सी हसूना शिट्टी मारायचे आणि सगळ्यांनी उठून फाटकाबाहेर जायचं. कार्ड कोरं झालं म्हणजे घर कोरं झालं. बाहेर रांग लावायची. सी हसूना वहीचं नवं पान उघडायचे आणि एकेकाला विचारायचे, तू कोण? नाव, बापाचं नाव, काम काय. लल्ला वसीला त्यांची वीस वर्षांची शेजारीण, तिच्या घरचा कुसकुसचा वाडगा त्यांच्याच टेबलावर पालथा पडलेला, तरी तिलाही तेच. ती दर वेळी वेगळं नाव सांगायची आणि सी हसूना ते निमूट लिहून घ्यायचे, कारण आधीच्या पानावर काय होतं ते ग्राह्य नव्हतं. सगळे आत गेले की शेवटी ते स्वतः बाहेर उभे राहायचे, स्वतःला विचारायचे, तू कोण, आणि जरा वेगळ्या आवाजात उत्तर द्यायचे.

नंतर छापलेल्या चिठ्ठ्या निघायच्या. मदिनातल्या, म्हणजे जुन्या पेठेतल्या शिक्केवाल्याकडून त्यांनी दोन शिक्के करून घेतले होते, हिरवा निर्दोष आणि लाल दोषी. लल्ला वसीलाकडे हिरव्या चिठ्ठ्या साठायला लागल्या होत्या. तिनं त्यातली एक चौकट करून दुकानात लावली होती, आणि गिऱ्हाइकं ती वाचून फार आदरानं वागायची.

पंचाईत नजीबची. त्याचा प्रोग्राम चौकशी करणाऱ्यांतला नव्हता. पहिल्या रिसेटनंतर सगळे बाहेर रांगेत उभे असताना हा आत पाऊण तास एका मेलेल्या चित्रावर रेघा मारत बसला, आणि शेवटी बाहेर येऊन त्यानं जाहीर केलं की रविवारचा गोल अवैध होता कारण सगळेच्या सगळे बावीस खेळाडू जागचे हललेले नाहीत. पुस्तिकेप्रमाणे त्याचा प्रोग्राम बंद करण्यात आला. दोर्साफनंच मग त्याला चार ओळी घालून दिल्या, म्हणजे दर चित्रानंतर प्रोग्राम विचारेल, कार्ड जिवंत आहे ना? नजीबलाही सवय लागली. तो अधूनमधून मान वर करून सगळ्यांना विचारायचा, आहात ना?

तर दोन लाल शिक्के. दोन्ही गेल्या आठवड्यातले आणि दोन्ही दोर्साफच्या मागावरचे. दोर्साफचं म्हणणं, गुन्हेगार तिचा माग नव्हेच, मासे आहेत. सी हसूनांनी माशांची संख्या तीनशेवर नेली होती आणि मागच्या महिन्यात त्यात एक शार्कही सोडला होता. त्याला इतके दात आहेत, ते सगळे काढायला कार्डाला किती त्रास होत असेल, असं तिनं उभं राहून, हातवारे करत, व्यवस्थित मुद्देसूद मांडलं.

सी हसूनांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “शार्कवर दोन हिरव्या चिठ्ठ्या आहेत, पोरी. तुझ्याजवळ एक तरी आहे का?”

तिच्याजवळ नव्हती. आणि हे नुसतं मानापमानाचं असतं तर दोर्साफनं ते सहन केलं असतं, निदान प्रयत्न तरी केला असता. पण त्या मागावर तिच्या मावशीचा, खालती मबरूकाचा गालिचा होता.

‘खालती’ म्हणजे मावशी; मबरूका तिच्या आईची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर गालिचे विणले, पण कधी नक्षी कागदावर काढली नाही. नक्षी डोक्यात, डोक्यातून बोटांत. आता बोटं थरथरायची. गाठ धरली की सुटायची. एक गालिचा मनात पुरा तयार होता आणि मागावर चढायचा राहून गेला होता. तेव्हा अख्खा हिवाळा, बदाम घातलेला चहा पुढे ठेवून, खालतीनं तो दोर्साफला तोंडी सांगितला. तीन पांढऱ्या, एक तांबडी, दोन काळ्या, परत तीन पांढऱ्या. दोर्साफनं लिहून घेतला. मधलं षटकोनी मैदान झालं, आतला काठ झाला, मधला काठ झाला, आणि मग सगळ्यात बाहेरचा, रुंद काठ. तो झाला की गालिचा पुरा. मौलिदच्या सणाआधीच्या शनिवारी खालती तो बघायला युवाघरात येणार होती. डोळे धड आहेत तोवर बघून घेते, एवढंच ती म्हणाली होती. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच कम्प्युटरला तो माग पेलला नसता. दोर्साफच्या घरच्या कम्प्युटरवर एक पांढरी गाठ उमटायलाच चहा उकळून निवायचा.

म्हणून शुक्रवारी दोर्साफनं कंबर कसली. मागालाही तिनं नजीबसारखं विचारायला शिकवलं. शिवाय सगळी नक्षी तिनं कार्डाच्या भरवशावर न ठेवता प्रोग्रामच्या स्वतःच्या पोटात जपून ठेवली. आता कार्ड कितीही कोरं होऊ दे, माग विचारणार, कळलं की गेलं सगळं, की लगेच पोटातून नक्षी काढून पहिल्या गाठीपासून पुन्हा सुरू. कुणाच्या बापाला घाबरायचं कारण नाही. हे जमलं तेव्हा ती इतकी खूश झाली की घरी जाताना तीनदा वळून तिनं युवाघराकडे पाहिलं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती खालतीला घेऊन आली. खालतीनं ठेवणीतली पांढरी सफसारी डोक्यावरून अंगभर लपेटून घेतली होती आणि बरोबर मक्रूदचा, म्हणजे खजुराच्या वड्यांचा डबा आणला होता. फाटकात सी हसूना दिसल्यावर तिची चाल जरा ताठ झाली. दोघं एकमेकांना तीस-बत्तीस वर्षं ओळखत होते, पण फक्त उलट्या गालिच्याच्या दोन टोकांवरून. खालतीनं त्यांना विचारलं, तुमची तब्येत कशी आहे. त्यांनी वहीत बघून सांगितलं, बरी आहे.

दोर्साफनं तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि माग सुरू केला. षटकोन भरला. आतला काठ भरला. खालतीचे ओठ हलत होते, ती मनात मोजत होती. मधला काठ भरला. बाहेरचा काठ कोपऱ्यापासून निघाला, तीन पांढऱ्या, एक तांबडी, दोन काळ्या, आणि खालती अचानक पुढे झुकली.

“दोर्साफ, इथं ती निळी—”

मासे थांबले. नवरीची बाही हवेत थांबली. नजीब म्हणाला, आहात ना? दहा सेकंदांनी चारही स्क्रीन काळे झाले आणि शिट्टी वाजली.

सगळे बाहेर. तू कोण, तू कोण, तू कोण. लल्ला वसीलानं ह्या वेळी स्वतःला राणी म्हणवून घेतलं. आत येईपर्यंत चिठ्ठी छापून पडली होती: माग, दोषी. सी हसूनांनी लाल शिक्का उचलला, त्यावर फुंकर मारली, हात वर नेला.

पण दोर्साफनं मागाला काय शिकवलं होतं? विचार, आणि गेलं असेल तर लगेच पुन्हा सुरू कर. मागानं विचारलं होतं. कळलं होतं. पहिल्या गाठीपासून त्यानं शहाण्यासारखं पुन्हा सुरू केलं होतं, आणि ह्या क्षणी तो पुन्हा बाहेरच्या काठावर पोचला होता.

मासे थांबले.

सी हसूनांचा हात हवेतच राहिला, कारण रिसेट झाला. आणि रिसेटआधीचं बिनशिक्क्याचं काहीही ग्राह्य नसतं, तेव्हा ती चिठ्ठीही बाद. त्यांनी ती फाडली आणि शिट्टी मारली. सगळे बाहेर. रांग, नावं, सगळे आत. नवी चिठ्ठी. शिक्का वर. मासे थांबले. शिट्टी.

चौथ्या वेळेपर्यंत लोकांना लय सापडली. ते आत येऊन बसायचेच नाहीत. एका दारातून आत, खांबाला वळसा, त्याच दारातून बाहेर. समोरच्या भट्टीवाल्यानं गरम तबूना रोट्यांचं टोपलं आणून फाटकाशीच ठेवलं आणि रांगेतली माणसं पळता पळता रोटी उचलायला लागली. रस्त्यानं जाणारे दोघे काहीतरी वाटप चाललंय समजून रांगेत शिरले, त्यांचीही नावं लिहिली गेली, आणि पुढच्या फेरीला त्यांतला एक आत जाऊन नवरीच्या पोशाखाबद्दल मत देऊन आला. खालतीचे गुडघे दुखायला लागले तेव्हा तिला फाटकाजवळ सी हसूनांच्याच खुर्चीत बसवलं. सी हसूना उभ्यानं लिहीत होते, आणि दर वेळी स्वतःशी दोन आवाजांत बोलून घाईघाईनं आत धावत होते. दोर्साफ माग बंद करायला खिडकीपर्यंत पोचायची आणि तिचा हात लागायच्या आत शिट्टी व्हायची, आणि शिट्टी झाली की बाहेर, नियम म्हणजे नियम. दर वेळी खालती तिचा हात धरून म्हणायची, अगं ती निळी, आणि दर वेळी रांग पुढे सरकायची.

आठव्या रिसेटनंतर मुकादमानंच हात टेकले. स्क्रीनवर ओळ आली: हा प्रोग्राम वारंवार कार्ड अडकवतो, ह्याला यापुढे काम मिळणार नाही. कार्ड उठलं आणि शांत राहिलं. मासे पोहायला लागले. आणि आता निघालेली आठवी चिठ्ठी बाद करायला पुढे एकही रिसेट येणार नव्हता.

सगळे फाटकाबाहेरच होते. एकेक करून आत गेले. दोर्साफ मात्र जागची हलेना. हिवाळ्यापासून पहिल्यांदाच तिला काहीच येत नव्हतं. ती खालतीच्या खुर्चीशेजारी मटकन खाली बसली आणि म्हणाली की सगळं बरोबर आहे, एकूण एक ओळ तपासलीय, दोष मागाचा नाहीच.

खालतीनं तिच्या हातात मक्रूद ठेवला.

“बाई, निळी गाठ कुठाय? बाहेरच्या काठात, कोपऱ्याच्या आधी, तांबडीच्या जागी एक निळी सांगितली होती मी तुला.”

सांगितली होती. दोर्साफला आठवलं. तिनं लिहूनही घेतली होती. आणि मागच्या आठवड्यात, सगळं नीटनेटकं करताना, तिला वाटलं होतं खालती थकली असेल, चुकून निळी म्हणाली असेल. तशाच निळ्या आतल्या काठांतही होत्या, तिथं त्या दाट नक्षीचाच भाग वाटायच्या. पण बाहेरचा काठ डोळ्यात भरणारा. सी हसूनांनी पाहिलं तर भिंग लावून म्हणतील, एक गाठ चुकली, दुसरी प्रत. म्हणून तिनं खालतीची चूक गुपचूप सुधारली होती.

“ती चूक नव्हती?” तिनं विचारलं.

“काठ चालत असतो, त्याला कुठं वळायचं ते कसं कळणार? माझी आई निळी घालायची, तिची आई घालायची. निळी आली की वळायचं, बाकीचे तीन कोपरे मग त्याच मापावरून. आणि समजा तसं नसतं, तरी एक गाठ वेगळी सोडायची असते. पुरतं निर्दोष काम करायला मी कोण लागून गेले? ते वरच्याचं.”

दोर्साफनं मक्रूद तसाच तोंडात कोंबला, कारण आता तिला दुसरी गोष्ट आठवली. जानेवारीत, खालतीनं सांगितलेलं शब्दशः धरून, तिनं मागात लिहिलं होतं: चालत राहा, वेगळी गाठ आली की वळ. नंतर वेगळी गाठ तिनंच काढून टाकली, आणि वळण्याची ओळ तशीच राहिली. कार्ड बिचारं काठावरून चालत होतं, चालत होतं, निळी यायची वाट बघत. दहा सेकंदांत काय, मौलिद उलटून गेला असता तरी ती आली नसती. आणि तिनं मोठ्या कौतुकानं त्याला पुन्हा पुन्हा उठून तेच करायला शिकवलं होतं.

म्हणजे शार्क निर्दोष होता. हे गिळायला मक्रूदपेक्षा जड गेलं.

ती आत पळाली. तिच्या मागोमाग सी हसूना निघाले, हातात लाल शिक्का आणि लल्ला वसीलानं आतून पुढे केलेली आठवी चिठ्ठी. पण नियमाप्रमाणे त्यांचा स्वतःचा प्रवेश अजून व्हायचा होता. फाटकात उभं राहून त्यांनी घसा साफ केला आणि स्वतःला विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात खुर्चीतल्या खालती मबरूकानं वही पुढे ओढून घेतली. आपणच विचारायचं आणि आपणच सांगायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं तिनं विचारलं. सी हसूना विचारात पडले. पुस्तिकेत खरंच तसं नव्हतं.

“तू कोण?” खालतीनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांना ‘तू’ म्हणत होती, आणि नियमच तसा होता.

“हसूना. युवाघराचा प्रमुख.”

“ते रिसेटच्या आधीचं. ग्राह्य नाही. काम काय?”

“शिक्का मारायचाय.”

“कसला शिक्का?”

सी हसूनांनी शिक्का मागे लपवावा तसा हात मागे घेतला. खालतीनं पेन्सिल शोधली. पेन्सिलीला टोक नव्हतं. टोक काढायला तिनं बोटं लावली, बोटं थरथरली, पेन्सिल पडली. सी हसूनांनी वाकून ती उचलून दिली. मग ती अक्षर अक्षर लावत लिहायला लागली, आणि मध्येच थांबून म्हणाली की ह्या नावाच्या एका माणसानं तिचे एकतीस गालिचे तपासले होते, एकतीसच्या एकतीस दुसरी प्रत, प्रत्येक वेळी एकाच गाठीसाठी. तोच का हा? सी हसूना म्हणाले, तोच. मागे रांग नव्हती, पण भट्टीवाला उभा राहून ऐकत होता.

आत दोर्साफनं माग पार बंद केला, बाहेरच्या काठात तांबडीच्या जागी निळी गाठ बसवली, आणि दुसरी एक ओळ घातली: दोनदा अडकलास तर तिसऱ्यांदा गप्प बस आणि मला हाक मार. मग माग पुन्हा नव्यानं उघडला. नव्यानं आलेल्याला मुकादमानं आत घेतलं. षटकोन भरला. आतला काठ, मधला काठ. बाहेरचा काठ कोपऱ्यापासून निघाला. लल्ला वसीला सुई थांबवून बघायला लागली. नजीबनं विचारलं, आहात ना? तीन पांढऱ्या. एक निळी.

काठ वळला.

फणी ठोकल्याचा आवाज थांबला तेव्हा गालिचा पुरा झाला होता आणि शेजारच्या खोलीत मासे पोहत होते. शार्कसुद्धा.

खालतीला आत आणलं. तिनं तळहात काचेवर ठेवून गालिच्याच्या लवीच्या उलट्या दिशेनं फिरवला, बाजारात फिरवतात तसा. काच गरम आहे म्हणाली. तिच्या मागून सी हसूनाही आले. त्यांना अखेर प्रवेश मिळाला होता. शेवटच्या रिसेटनंतर मागानं काही अडकवलं नव्हतं, चिठ्ठीतला माग मुकादमानंच बंद केलेला, तेव्हा हा माग नवा. त्यावर एकही शिक्का नव्हता, लाल नाही की हिरवा नाही. हे सगळं त्यांनी मोठ्यानं स्वतःलाच समजावून सांगितलं आणि आठवी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. दोर्साफनं श्वास सोडला.

मग त्यांनी दुसऱ्या खिशातून भिंग काढलं.

ते स्क्रीनला नाक लावून ओळीमागून ओळ मोजत गेले. वीस मिनिटं लागली. कुणी त्यांना थांबवलं नाही. बाहेरच्या काठाच्या कोपऱ्याशी येऊन भिंग थांबलं.

“एक निळी,” ते म्हणाले. “दुसरी प्रत.”

गालिच्याचं चित्र छापून घेतलं गेलं. सी हसूनांनी कोटाच्या आतल्या खिशातून जुना, कचेरीतला शिक्का काढला. तो त्यांच्याकडे अजून असायला नको होता, पण त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्यांनी तो चित्राच्या उलट्या बाजूवर, उजव्या कोपऱ्यात मारला. खालतीनं कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि तिचा चेहरा खुलला.

“बत्तिसावा,” ती म्हणाली. “आता पटलं, माझाच आहे.”

सी हसूना शिक्का पुसत तिथंच घोटाळले. मग हळूच, दोर्साफला सुद्धा जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, त्यांनी विचारलं की ती निळी मुद्दाम असायची का. प्रत्येक वेळी?

“प्रत्येक वेळी. बत्तीस वर्षांत तू एकदा तरी विचारायचं होतंस.”

पुस्तिकेतले नियम सी हसूनांनी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावले होते, तिकडे त्यांनी पाहिलं. शेवटचा नियम त्यांना पाठ होता, तरी त्यांनी तो भिंग लावून पुन्हा वाचला. जो चौकशीच करत नाही त्याला थांबवावं. त्यांनी लाल शिक्का टेबलावर ठेवला, शिट्टी गळ्यातून काढून शिक्क्याशेजारी ठेवली आणि बाहेर गेले. रिसेट झाला नव्हता. मासे पोहत होते. सी हसूना फाटकाबाहेर जाऊन एकटेच रांगेत उभे राहिले आणि पुढे कुणी नसताना सुद्धा एक पाऊल जागा सोडून राहिले.

खालती म्हणाली, माझे गुडघे काही आता उठायचे नाहीत. मग दोर्साफनं वही घेतली, मक्रूदचा डबाही घेतला, आणि बाहेर जाऊन नवं पान उघडलं.

“तुम्ही कोण?”

“नियमात ‘तू’ आहे,” सी हसूना म्हणाले.

“तू कोण?” तिनं जिवाचा धडा करून विचारलं, आणि बापाचं नाव विचारायचं सोडूनच दिलं. “काम काय?”

“आतल्या बाईंना विचारायचंय. एकतीस गालिच्यांबद्दल. एकेक करून.”

दोर्साफनं वहीत तेवढं लिहिलं, डबा त्यांच्या हातात दिला आणि फाटक उघडून धरलं.